तानपुरा ऐकू येतो का?

स्पर्धेच्या पहिल्या फेरीसाठी आता व्हिडिओ मागवतात. गुरू पुण्यात आणि शिष्या न्यू जर्सीत असेल, तर आठवड्याचा पाठही व्हिडिओतूनच जातो. कार्यक्रमाच्या आयोजकालाही आधी काहीतरी ‘पाहायचं’ असतं. असे घरी केलेले व्हिडिओ मी बरेच ऐकतो. गाणारी मुलं तयारीची असतात, चित्र लख्ख असतं, मागची भिंत नीटनेटकी असते. तानपुरा मात्र नसतो. पहिले काही क्षण तो ऐकू येतो, मग विरतो. गाणारा श्वासाला थांबला की एकदम उसळून वर येतो आणि पुढचा स्वर लागला की पुन्हा बुडतो.

यात गाणाऱ्याची चूक नाही. फोन मुळात बोलण्यासाठी घडवलेला आहे. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं त्यातल्या गोंगाट कमी करणाऱ्या यंत्रणेचं गणित असतं. पंखा, एसी, रस्त्यावरची घरघर यांना ती याच नियमाने दाबते, आणि तानपुराही सतत व एकसारखाच वाजतो. त्यात भर म्हणून आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी दुसरी यंत्रणा असते. हळू आवाज ती वर उचलते, मोठा आवाज खाली दाबते. खर्जातून उमलत तार षड्जाला भिडणारा आवाज यामुळे सपाट होतो. गायकाने मेहनतीने कमावलेला लहानमोठेपणा फोन परस्पर पुसून टाकतो.

नोव्हेंबर 1902मध्ये ध्वनिमुद्रणतज्ज्ञ फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं आणि तीन मिनिटांच्या आसपास सगळं आटपायचं. तानपुऱ्यासारखा नाजूक नाद त्या तबकडीवर जेमतेम उमटे. 1925च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि हळू आवाजालाही जागा मिळाली. कर्ण्याच्या काळात यंत्राला तानपुरा जेमतेम ऐकू येई. आज यंत्राला तो ऐकू येतो आणि ते त्याला कचरा समजून काढून टाकतं. हे आपण मुकाट्याने का सोसायचं?

म्हणून घरच्या व्हिडिओसाठी माझी एकच कसोटी आहे: गाणं चालू असताना तानपुरा सलग ऐकू येतो का? तो सलग असेल, तर बाकीचं बहुतेक आपोआप बरं उतरलेलं असतं.

खर्च करायचाच असेल तर कॅमेऱ्यावर करू नका. तुमच्या फोनचा कॅमेरा पुरेसा आहे. पैसे माइकवर किंवा हातात मावणाऱ्या छोट्या ध्वनिमुद्रकावर घाला, आणि फोनमधली किंवा ध्वनिमुद्रकातली गोंगाट कमी करण्याची आणि आपोआप पातळी ठरवण्याची सोय बंद करा. मग आपल्या गाण्यातली सगळ्यांत जोरकस तार सप्तकातली तान घ्या आणि काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावा. उणे 6च्या वर तो जाऊ नये. एकदा लावलेली पातळी बंदिश संपेपर्यंत हलवायची नाही. व्हिडिओसोबतचा आवाज 48 किलोहर्ट्झवर घ्यावा. ब्लूटूथचा माइक गाण्याला वापरू नये, आवाज त्यातून दबून आणि उशिरा येतो. झूमवर शिकत किंवा शिकवत असाल, तर त्यात संगीतकारांसाठी दिलेला ‘ओरिजिनल साउंड’चा पर्याय चालू करा.

माइक कुठे ठेवायचा, हा प्रश्न माइक कोणता घ्यायचा याहून मोठा आहे. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. आठ फुटांवरच्या फोनला म्हणूनच गळ्यापेक्षा भिंती जास्त ऐकू येतात. माइक तोंडापासून दीड-दोन फुटांवर असू द्या. स्वतः संवादिनी वाजवत गात असाल, तर एका दिशेने ऐकणारा माइक संवादिनीच्या वर, छातीच्या उंचीला ठेवा. त्याचं तोंड तुमच्या तोंडाकडे आणि पाठ संवादिनीकडे असावी. नाहीतर पट्ट्या पुढे आणि गळा मागे जातो.

तानपुरा ॲपवर लावणार असाल तर तो दुसऱ्या फोनवर लावा. ज्या फोनवर मुद्रण चाललंय त्याच्याच स्पीकरमधून वाजलेला आवाज तो फोन बरेचदा स्वतःच पुसतो. छोटा स्पीकर गायकाच्या मागे, कानाच्या उंचीला ठेवावा. तबल्याच्या एकल वादनात लेहऱ्याचा स्पीकर माइकच्या पाठीमागे न्यावा आणि माइक दोन्ही वाद्यांच्या समोर, थोडा वर. डग्ग्याची घुमार फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर कळतच नाही, त्यामुळे तपासताना चांगले हेडफोन लावा.

आता खोली. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग धातूसारखी थरथर आली, तर समोरासमोरच्या मोकळ्या भिंती आवाज परतवत आहेत. फरशीवर सतरंजी घाला, खिडकीला जाड पडदा लावा, गाद्या भिंतीला टेकवा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. गोधडीइतकं स्वस्त आणि गुणी साधन नाही. पंखा बंद, फोन विमान मोडवर, आणि कुकर होईपर्यंत थांबायचं. शहरात सगळ्यांत चांगली वेळ पहाटेचीच. भैरवच्या विद्यार्थ्यांना ती अनायासे साधते.

चित्राबद्दल थोडक्यात. खिडकी गायकाच्या समोर किंवा बाजूला असावी, पाठीशी नको. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं आणि चित्रावर पट्टे सरकतात. सेकंदाला 25 चौकटींचा पर्याय असेल तर तो घ्या, नाहीतर दिवसाच्या उजेडात करा. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला हवा आणि हात दिसायला हवेत. पुढच्या कॅमेऱ्याने काही फोनमध्ये चित्र उलटं साठवलं जातं आणि उजव्या हाताने वाजवणारा तबलजी डावखुरा दिसतो, म्हणून मागचा कॅमेरा वापरा. दोन यंत्रांवर मुद्रण करताना सुरुवातीला एक टाळी द्या. नंतर आवाज आणि चित्र त्या टाळीवर जुळवता येतात.

यंत्रांइतकीच मला काळजी वाटते ती कापाकापीची. चाळीस सेकंदांच्या रीलसाठी ख्यालातली एक तान उचलून दिली जाते. ती कुठल्या आलापातून आली, समेला कशी पोचली, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. मी लांबीबद्दल बोलत नाही. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांच्या तबकडीवर गेली. ती साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे आणि परिपूर्ण आहे. त्या पिढीने तेवढ्या वेळात मावेल असं गाणं रचलं होतं. लांब गाण्याचा तुकडा तोडला नव्हता. छोटा व्हिडिओ करायचा असेल तर छोटी मांडणी बसवा आणि ती अखंड गा. मोठी करायची असेल तर विलंबितापासून द्रुतापर्यंत कॅमेरा चालू ठेवा. एखादा स्वर घसरला म्हणून जोड देऊ नका. सगळं पुन्हा गा, नाहीतर तसंच राहू द्या.

आणि कृत्रिम घुमारा घालू नका, विशेषतः शिकत असाल तर. घुमाऱ्यात एका स्वराची शेपटी पुढच्या स्वरावर सांडते आणि गंधार नेमका कुठे लागला हे झाकलं जातं. स्पर्धेत तेवढ्याने कदाचित निभावेल, पण विद्यार्थ्याचं नुकसान होतं. स्वच्छ मुद्रणात तुमचा स्वर तानपुऱ्याच्या शेजारी उघडा उभा असतो. गुरूंना तो तिथे तपासता येतो, तुम्हालाही. पूर्वी हे बाहेरून ऐकणं फक्त समोर बसलेल्यांच्या वाट्याला येई, गाणाऱ्याला ते मिळत नसे. आता प्रत्येक विद्यार्थ्याला ते मिळू शकतं. त्यासाठी एक माइक, दोन गोधड्या आणि फोनमधले बदललेले दोन पर्याय एवढंच लागतं. पुढचा व्हिडिओ कुणालाही पाठवण्याआधी स्वतः पूर्ण ऐका, आणि जिथे स्वर ढळला तिथून त्या दिवसाचा रियाज सुरू करा.