देवासमोर खुर्ची



सुट्टीत नातू एक इंग्रजी कॉमिक घेऊन बसला होता, 'डेअस एक्स'. डीसी कॉमिक्सने २०११ साली सहा अंकांत काढलेलं. नायकाचे हात यंत्राचे, डोळ्यांतही यंत्र. मी म्हटलं, "अरे, मग तुझी आजी कोण?" माझे दोन्ही गुडघे बदललेत ना!

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीचे लाकडी जिने, त्यात तिसरा मजला. चार वर्षं दुखणं अंगावर काढलं, कारण भीती ऑपरेशनची नव्हती. आता गवासन घालून वंदना कशी करणार, ही होती. आणि झालंही तसंच. मंदिरात खुर्ची घेतली तर एक बाई म्हणाल्या, "आता देवासमोरही खुर्ची?" घरी येऊन रडले.

पण विचार केला. लहानपणापासून शिकलो की देह पुद्गल, जीव वेगळा. मग हाडाचा गुडघा काय नि धातूचा काय, दोन्ही पुद्गलच. सामायिकात मन बसायला हवं. मांडी घालून मनात भाजीचा हिशोब मी कितीदा केलाय, ते मलाच ठाऊक.

नातवाच्या गोष्टीतली एक गोष्ट मात्र मला पटली. तिथे यंत्र बसवलेल्यांना जन्मभर महागडं औषध घ्यावं लागतं, म्हणजे शरीराची किल्ली कंपनीच्या हाती. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा तेव्हा ५४,७२० रुपये ठरला, जीएसटी वेगळा. मी कॉमर्सवाली, म्हणून सांगते, बिलात गुडघ्याची किंमत वेगळी लिहून मागा. लाजू नका.

आणि जयपूर फूट आठवा. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. सेठी यांनी तो घडवला. त्यावर अनवाणी चालता येतं, मांडीही घालता येते. १९७५ साली जयपूरला निघालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो फुकट बसवते. महावीरांच्या नावाने पाय वाटले जातात, आणि आपण खुर्चीवरून नाकं मुरडतो!

दशलक्षणात मी खुर्चीवरच बसणार आहे. ज्यांना खाली बसणं जमतं त्यांनी खुशाल पुढे बसावं. भिंतीकडची जागा तेवढी आमच्यासाठी सोडा, उठताना धरायला लागते.