गोल करून बसवलं म्हणजे गटकार्य झालं का?

परवा गावच्या शाळेत पालकसभेला गेलो होतो. पोरं गोल करून बसलेली. सर म्हणाले, "गटकार्य चालू आहे." नीट बघितलं तर प्रत्येक गटात एक हुशार पोर लिहितंय, बाकीची खिडकीतून माडाकडे बघतायत. गोल चौघांचा, काम एकट्याचं!

दोष एकट्या सरांचा नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे अलिबाग काय, मुरूड काय, श्रीवर्धन काय, लहान जि.प. शाळेत एका शिक्षकाच्या अंगावर दोन-तीन वर्ग. सर तिसरीला शिकवत असताना चौथीने आपापसात शिकलंच पाहिजे. आपल्याकडे गटकार्य ही हौस नाही, गरज आहे.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? लावणीची सावड आठवा. आज तुझं शेत, उद्या माझं. एकजण बांधावर बसून राहिला तर सगळ्यांच्या लक्षात येतं. आपल्या चरीचा संप आठवा. 1933 ला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि वर्षानुवर्षं उपाशीतापाशी ते पाळलं. प्रत्येकावर जबाबदारी होती म्हणून तो टिकला.

वर्गातही तेच लागतं. 1971 मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला एलियट अ‍ॅरन्सन यांनी साधी युक्ती केली. धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईचना!

आपल्याकडे भरती-ओहोटी घ्या. एकाने कालनिर्णयातून आठवड्याच्या तिथ्या लिहायच्या, दुसऱ्याने कोळीवाड्यातल्या आजीला उधाण-भांग विचारायचं, तिसऱ्याने चंद्राची चित्रं काढायची, चौथ्याने किनाऱ्यावर पाणी कुठवर आलं ते बघायचं. मग चौघांनी जुळवायचं. शेवटी सरांनी कुणालाही उभं करायचं, हुशारालाच नाही. काम दरवेळी बदलून द्यायचं. गट चौघांचाच, सगळे दोस्त एकत्र नकोत.

आता पालकांना एक विनंती. "माझ्या पोराने दुसऱ्याला का शिकवायचं, त्याचा वेळ जातो," असं सभेत बोलू नका. परवा तेच ऐकलं, वाईट वाटलं. अहो, दुसऱ्याला समजावताना आपलंच पक्कं होतं. आणि खिडकीतून बघणारं पोरही आपल्याच गावचं आहे.

पुढच्या व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय काढूया. तुमच्या शाळेत काय चालतं, खाली लिहा.