सर्किट डायग्राम द्या, बाकी आम्ही बघतो

"अरे, कशाला दुरुस्त करत बसतोस, नवीन घे की!" हे वाक्य हल्ली इतक्या सहज तोंडावर फेकलं जातं की दुरुस्ती करणारा माणूस एकतर चिक्कू असतो किंवा जुन्या आठवणींत रमणारा भाबडा, असं सगळ्यांनी धरूनच टाकलंय. आमच्या हापिसात तर जास्तच. दिवसभर बग शोधणारी मंडळी, पण घरचा माऊस बिघडला की उघडूनही न बघता थेट कचऱ्यात! मला या दोन्ही शिक्क्यांवर आक्षेप आहे, आणि पुरावा म्हणून एक जुनी जॉयस्टिक सादर करतो.

जॉयस्टिक यूएसबीच्या आधीची, पीसीच्या मागे 15 पिनांचा गेमपोर्ट असायचा त्यात लागणारी. आजार नेहमीचाच: गेममधलं विमान आपोआप डावीकडे कलतं, मधेच झटका खातं.

आता गंमत बघा. हिच्या आत 'कॉम्प्युटर' असं काही नाहीच. दोन पॉट (जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसला), दोन बटणं आणि वायर. मोजमाप सगळं कार्डावर. 1981 साली आयबीएमने जे गेम कंट्रोल कार्ड काढलं त्यात 558 ही टायमर चिप होती. प्रोग्रामने हेक्स 201 या पोर्टवर काहीही लिहिलं की टायमर सुरू. पॉटमधून एक छोटा कपॅसिटर भरायला लागतो आणि तो भरेपर्यंत प्रोग्राम नुसता मोजत बसतो. वेळ किती? 24.2 मायक्रोसेकंद, अधिक दर ओहमला 0.011. पॉट 100 किलोओहमवर असेल तर साधारण 1.1 मिलिसेकंद. झालं! मोजणी प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून, म्हणून तर तेव्हाचे गेम सुरुवातीला कॅलिब्रेशनची कवायत करून घ्यायचे.

हे सूत्र मी शोधून काढलेलं नाही. आयबीएमनेच छापलं होतं. त्यांच्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये हे सूत्र होतं, कार्डाचं सर्किट होतं आणि बायोसची अख्खी लिस्टिंगसुद्धा. आणि आयबीएम काही धर्मादाय संस्था नव्हती.

तर, मल्टिमीटर 1 आणि 3 नंबरच्या पिनांवर लावला आणि दांडा हळूहळू हलवला. आकडा सलग चढायला हवा, तो मधेच गायब. म्हणजे पॉटमधली कार्बनची पट्टी गेली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहिला, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. (क्लीनर म्हणजे क्रोसिन. ताप उतरतो, रोग तिथेच.) मूळचा पॉट काही मिळेना. साधा 100 केचा आणून भागत नाही, कारण साधा पॉट सुमारे 300 अंश फिरतो आणि माझ्या जॉयस्टिकचा दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम 60. म्हणजे हाती लागणार पाचवा हिस्सा, 20 के. मग हिशेब उलटा करा: 500 केचा घ्या, त्याचा पाचवा हिस्सा 100 के! थोडा इकडेतिकडे निघाला तर कॅलिब्रेशन सांभाळून घेतं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास असले पॉट सहज मिळतात. फक्त 'बी' छापलेला, म्हणजे लिनिअर, मागून घ्या. 'ए'वाला बहुधा आवाजासाठीचा असतो, त्याचा मध्य मध्यात नसतो. दांडा पूर्ण डावीकडे धरून मीटरवर शून्याजवळचा आकडा येईल तिथे पॉट फिरवला आणि आवळला. दोन पॉट मिळून एका मिसळीपेक्षा स्वस्त पडले.

आजच्या बहुतेक कंट्रोलरमध्येही तीच कार्बनची पट्टी आहे बरं का! 'स्टिक ड्रिफ्ट' म्हणतात तो हाच आजार. फक्त आता सर्किट कोणी छापत नाही. आणि काही उपकरणांत तर अस्सल सुटा भाग बसवला तरी सॉफ्टवेअर विचारतं, "आपण कोण?" कंपनीकडून मंजुरी आली नाही तर भाग मुका. हा अडसर कोडचा आहे, आणि तो कोड आपलीच जमात लिहिते. 'सिक्युरिटी' नावाने टिकीट येतं, दोन स्प्रिंटमध्ये बंद होतं. ही सुरक्षा नक्की कोणाची आणि कोणापासून, एवढं त्या मीटिंगमध्ये विचारल्याने कोणाची नोकरी जात नाही.

ग्राहक व्यवहार खात्याने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण सेवा केंद्राचा पत्ता आणि वॉरंटीची माहिती म्हणजे हक्क नव्हे, ती 'आमच्याकडेच या' अशी पाटी झाली. अमेरिकेत ऑरेगन राज्याने 2024 मध्ये सुटे भाग सॉफ्टवेअरने जखडण्यावर बंदी आणणारा कायदा केला. मला तो हवा, आणि सोबत डायग्राम.

"लोक काहीतरी करून बसतील, आग लागेल," असं यावर म्हणतात. लिथियम बॅटरी धोक्याची, मान्य. पण कोपऱ्यावरचा मोबाइलवाला ती बदलतोच, डायग्रामशिवाय, अंदाजाने. धोका त्या अंदाजात आहे.

दुसरा मुद्दा नक्कल होण्याचा. आयबीएमची झालीच की! धडाधड क्लोन आले, त्यामुळे पीसी स्वस्त झाला, आणि त्या स्वस्त पीसींवर आमच्यासारखे हजारो जण प्रोग्रामिंग शिकले. ज्या पगारावर मी शनिवार-रविवार सोल्डरिंगमध्ये उडवतो, तो त्यातलाच.