काटकसर आणि कसर

व्यापारी घरातील मुलांना वस्तूचा भाव लवकर कळतो; ती वस्तू घडते कशी, हे मात्र पुष्कळदा कळत नाही. माल दुकानात येतो तो खोक्यांत बांधलेला आणि बाहेर पडतो तो गिऱ्हाइकाच्या पिशवीतून. त्याआधीचा सारा प्रवास मुलांच्या दृष्टीआड राहतो. गुऱ्हाळ, घाणा, गिरणी या एके काळी गावातल्या मुलांच्या फुकटच्या शाळा होत्या. शहरात वाढणाऱ्या आजच्या मुलांच्या वाट्याला त्या येत नाहीत. ही उणीव थोडीफार भरून काढण्याचा एक आनंदाचा मार्ग म्हणजे खेळण्यातल्या विटांनी घरातच एक छोटा कारखाना उभारणे. तो कारखाना गोळ्या-चॉकलेटांचा असला, तर मुलांना दुसऱ्यांदा हाक मारावी लागत नाही.

मुलांच्या मनातला गोळ्यांचा कारखाना अर्थातच कोणत्याही औद्योगिक वसाहतीत सापडणार नाही असा असतो. त्याच्या धुराड्यातून गुलाबी धूर निघतो, खांबांवर लाल-पांढरे पट्टे असतात, छपरावर वेफरची कौले असतात आणि वरच्या मजल्यावरून चॉकलेटचा धबधबा कोसळतो. मोठ्यांनी या कल्पनांना हसू नये. ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांची १९६४ साली प्रसिद्ध झालेली 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' ही कादंबरी अशाच एका अद्भुत कारखान्याची आहे, आणि तिचे मूळ एका साध्या प्रसंगात आहे. डाल रेप्टन येथील शाळेत शिकत असताना कॅडबरी कंपनी तेथील विद्यार्थ्यांकडे नव्या चॉकलेटचे नमुने पाठवीत असे. मुलांनी ते चाखून गुण द्यायचे आणि अभिप्राय लिहायचा. कुठेतरी एका खोलीत मोठी माणसे गंभीर चेहऱ्याने नवे चॉकलेट शोधण्यात गढली आहेत, हे चित्र त्या विद्यार्थ्याच्या मनात रुजले आणि पुढे त्याची कादंबरी झाली. कल्पनेचे मजले कितीही उंच चढले, तरी त्यांचा पाया कोणाच्या तरी प्रत्यक्ष कामात असतो.

विटेच्या पोटातल्या नळ्या

ज्या विटांनी हा कारखाना बांधायचा, त्यांची स्वतःची कथाही व्यापारी कुटुंबांनी ऐकावी अशी आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या छोट्या गावी ओले किर्क क्रिस्टियनसन नावाचे सुतार राहत. मंदीच्या काळात, १९३२ साली, त्यांनी लाकडी खेळणी करावयास घेतली. १९३४ साली त्यांनी व्यवसायाला 'लेगो' हे नाव दिले. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आरंभीची अक्षरे जोडून ते तयार झाले. प्लॅस्टिकच्या विटा १९४९ पासून निघू लागल्या. परंतु आतून पोकळ असल्याने त्या एकमेकींना घट्ट धरून राहत नसत. वर गोल खुंट्या आणि पोटात नळ्या अशी आजची रचना ओले किर्क यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी सादर केली. खुंट्या दिसतात, मुलांच्या बोटांना लागतात. नळ्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण बांधकाम उभे राहते ते त्या नळ्यांमुळे.

मापाचा काटेकोरपणा हा या विटांचा खरा गुण होय. दोन खुंट्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि चपट्या पट्टीची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर एका विटेची उंची भरते. हे माप सांभाळले गेल्यामुळेच १९५८ सालची वीट आजच्या विटेवर नीट बसते. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात. माप पक्के असले म्हणजे कल्पनेला केवढे स्वातंत्र्य मिळते, हे या एका आकड्यावरून समजावे.

याच घराण्यातील एक आठवण मात्र आकड्यांहून मोलाची आहे. लाकडी खेळण्यांच्या काळात गॉटफ्रेड लहान वयातच वडिलांच्या हाताखाली काम करीत. तेथील लाकडी बदकांना वार्निशचे तीन हात देण्याची पद्धत होती. एकदा गॉटफ्रेड यांनी दोनच हात देऊन माल रेल्वे स्थानकावर पोहोचता केला आणि कारखान्याचे पैसे कसे वाचवले, हे वडिलांना मोठ्या अभिमानाने सांगितले. वडिलांनी त्यांना तो सारा माल परत आणावयास लावला. प्रत्येक बदकाला तिसरा हात द्यायचा, पुन्हा बांधणी करायची आणि माल स्थानकावर नेऊन द्यायचा; रात्रभर जागावे लागले तरी चालेल, पण हे काम एकट्याने करायचे, अशी आज्ञा झाली.

काटकसर हा व्यापाऱ्याचा गुण आहे आणि आपल्या घरांत तो बाळपणापासून शिकवला जातो. परंतु काटकसर करणे वेगळे आणि कामात कसर ठेवणे वेगळे. शब्द जवळचे, अंतर मात्र फार मोठे. काटकसरीत वाचते ते आपल्या गाठीचे. कसर ठेवली की वाचवलेला प्रत्येक पैसा गिऱ्हाइकाच्या पदरातून काढलेला असतो. हा भेद मुलांना उपदेशाने समजतोच असे नाही. हाताने काही बांधताना तो सहज कळतो.

आवक, पाक आणि जावक

बांधकामाला बसण्यापूर्वी घरातील आजोबांनी मुलांना एवढाच प्रश्न विचारावा: "माल आत येणार कुठून आणि तयार होऊन बाहेर जाणार कुठून?" या प्रश्नाने धबधबे आणि मनोरे घटकाभर बाजूला राहतात आणि कागदावर कारखान्याचा नकाशा उमटू लागतो. बत्तीस बाय बत्तीस खुंट्यांची तळपाटी साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर लांब-रुंद असते. तेवढ्या जागेत आवक, कढई, थंड करण्याचा ओटा, लाटणी, साचा, वेष्टन आणि जावक अशी सात ठिकाणे बसवायची म्हटले की जागेचा हिशेब आपोआप शिकावा लागतो.

कडक गोळी खरोखर कशी होते, हे मुलांना येथेच सांगावे. साखर, पाणी आणि द्रवरूप ग्लुकोज एकत्र उकळतात. ग्लुकोज नसेल तर साखरेचे पुन्हा खडे धरतात आणि गोळी काचेसारखी न होता रवाळ होते. पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत चढला की त्यातील जवळजवळ सारे पाणी उडून जाते. मग तो थंड ओट्यावर ओतून त्यात रंग, स्वाद आणि आंबटपणासाठी सायट्रिक ॲसिड मळतात. गरम गोळा लाटण्यांमधून जात जात लांब दोरीसारखा होतो, साच्यात दाबला जाऊन त्याच्या गोळ्या पडतात आणि त्या थंड होताच वेष्टनात गुंडाळल्या जातात. वेष्टन केवळ शोभेसाठी नसते. कडक गोळी हवेतील ओल फार लवकर ओढून घेते आणि चिकट होते. पावसाळ्यात लिमलेटच्या गोळ्यांची बरणी उघडी राहिल्यावर काय होते, हे जुन्या दुकानदारांना सांगावयास नको. पाक ओढून ओढून त्यात हवा खेळवली तर तोच पाक पांढरा, रेशमासारखा चमकदार होतो. आणि फिरत्या कढईत बडीशेपेवर साखरेचे थरावर थर चढवले की जेवणानंतरची रंगीत बडीशेप तयार होते.

आता विटांकडे वळावे. गोल विटा रचून कढई होते, खाली पारदर्शक नारिंगी तुकडे ठेवले की जाळ दिसतो. खुंट्या नसलेल्या गुळगुळीत फरश्यांचा ओटा केला तर त्यावरून माल सरकतो. एका खुंटीचे गोल रंगीत तुकडे म्हणजे तयार गोळ्या. लाटणी फिरवायला दातेरी चाके असली तर उत्तमच: आठ दात्यांच्या चाकाला मूठ लावून त्याने चोवीस दात्यांचे चाक फिरवले, तर मुठीचे तीन फेरे होतात तेव्हा लाटणीचा एक फेरा पूर्ण होतो. वेग घटतो, जोर वाढतो. शाळेत पुढे शिकायचे गणित हाताला आधीच कळून जाते. चाके नसतील तर नुसत्या गोल विटांच्या लाटण्या कराव्यात, त्यासाठी नवे खोके विकत आणण्याचे कारण नाही. घरात आहेत तेवढ्याच विटांत कारखाना बसवणे, ही या खेळातली खरी काटकसर.

भिंती बांधताना गवंड्याची रीत पाळावी. खालच्या थरातील सांध्यावर वरच्या थरातील विटेचा मध्य यावा. सांध्यावर सांधा आला की भिंत बाहेरून छान दिसते आणि वरच्या मजल्याचे ओझे येताच फाकते. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला हिरवी-पिवळी, उरलीसुरली कोणतीही वीट लावली तरी बिघडत नाही. त्याने कोणाची फसवणूक होत नाही. पण तेथे सांधा चुकवण्याचा कंटाळा केला, तर तो बदकाला दिलेला दुसरा आणि शेवटचा हात ठरतो. मनोरा कोसळला की मुलाला कोणी रागावू नये आणि मोठ्यांनी घाईने तो उभारूनही देऊ नये. कोणत्या थरापासून ढासळला, एवढेच त्याच्याबरोबर पाहावे. त्यानंतर गुलाबी धूर, पट्ट्यांचे खांब आणि धबधबा हवे तितके चढवावेत. लहान तुकडे तोंडात जाण्याचा धोका असल्याने तीन वर्षांखालील भावंडांना मात्र या कारखान्यापासून दूर ठेवावे.

फाटकावरची तपासणी

आपल्या घरातील मुलांनी बांधलेल्या कारखान्यात आणखी एक जागा असावी: आवक फाटकाशी कच्चा माल तपासणाऱ्याचे टेबल. रबरासारख्या मऊ गोळ्यांत आणि मार्शमॅलोत पुष्कळदा जिलेटिन असते; ते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून मिळतो. गोळ्यांना चकाकी देणारे शेलॅक लाखेच्या किड्यापासून येते. मऊ गोळी जिलेटिनशिवाय होत नाही, असे मात्र नाही. लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून मिळणाऱ्या पेक्टिनवरही ती होते. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहण्याची सवय मुलांना असतेच; त्याच्याबरोबर घटकांची यादी वाचण्याचीही सवय लागावी. "हे खाऊ नकोस" असे दहा वेळा ऐकण्यापेक्षा, आपल्या कारखान्यात काय येऊ द्यायचे हे एकदा स्वतः ठरवण्याचा परिणाम अधिक टिकतो.

पाटीवरचे नाव

कारखाना पूर्ण झाल्यावर शेवटी उरते ती दारावरची पाटी. मुलांना ती सर्वांत सोपी वाटते; वस्तुतः तीच सर्वांत महाग असते. सोलापूरच्या जैन घराण्यात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे साखरेचा उद्योग उभारला. १९४२ पासून तेथे गोळ्याही होऊ लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावे महाराष्ट्रातील किती पिढ्यांच्या जिभेवर आहेत, हे सांगणे नको. २०२४ च्या फेब्रुवारीत हा गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्स समूहातील कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतला. त्या व्यवहारात दिली गेली ती बोधचिन्हे, नावे आणि पाककृती. जमीन, इमारती व यंत्रसामग्री मूळ कंपनीकडेच राहिली.

व्यापाराचा केवढा धडा या एका व्यवहारात आहे! कढया आणि लाटण्या कोणालाही विकत घेता येतात. ज्याचे मोल द्यावे लागते ते नाव; आणि ते नाव तयार होते ते दर वेळी तीच चव, तेच वजन, तोच सचोटीचा माल हाती पडल्यामुळे. बिलुंडच्या सुताराने रेल्वे स्थानकावरून बदके परत आणवली तेव्हा त्याने वार्निशचा खर्च वाढवला खरा, पण पाटीवरचे नाव राखले.

म्हणून मुले पाटी लावू लागली की त्यांना घाई करू देऊ नये. कारखान्याचे नाव काय ठेवायचे, हे त्यांनीच ठरवावे, आणि ते लावण्यापूर्वी एकदा आतल्या भिंतींवरून बोट फिरवून पाहावे. कुठे सांध्यावर सांधा राहिला असेल, एखादी वीट अर्धवट बसली असेल, तर ती काढून नीट बसवावी. मागची भिंत कोणी पाहणार नाही, हे मुलांनाही ठाऊक असते. तरीही ती दुरुस्त करून मगच पाटी लावावीशी ज्या मुलाला वाटेल, त्याच्या हाती उद्या पेढी सोपवताना घरच्यांना काळजीचे कारण उरणार नाही.