टकळी, सुया आणि हिशोबाची वही

थंडी पडू लागली की नाशकात घरोघर लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. बाळाची कुंची, शाळेच्या पोराचा स्वेटर, आजोबांची कानटोपी, सगळी कामे एकदम सुयांवर चढतात. त्यात अलीकडे आपल्या काही भगिनींनी टकळीवर लोकर कातण्याचाही नाद घेतला आहे. नाद चांगला आहे. पण टकळी, सुया, गॅसवरचे कालवण आणि नळाची वेळ यांचा मेळ बसवायचा कसा, असे महिला मंडळाच्या बैठकीत ताईंनी विचारले. म्हणून आजचा मजकूर याच विषयावर.

पहिली गोष्ट अशी की, कताई आणि विणकाम यांची चाल सारखी नसते. समजा, टकळीवर तासाला ४० मीटर एकपदरी सूत निघते. ते दोनपदरी पिळले की उरते २० मीटर. मोठ्या माणसाच्या स्वेटरला सुमारे १,००० मीटर सूत धरले, तर नुसत्या कताईचेच ५० तास झाले. पिळण्याचे, धुण्याचे आणि विणण्याचे तास वेगळे. म्हणजे रोज एक तास मिळणाऱ्या बाईला सुया हाती घेण्याआधीच जवळजवळ दोन महिने लागतात. हे आधी कळले नाही की अर्धवट बाह्या आणि अर्धवट गुंडे ट्रंकेत पडून राहतात.

तेव्हा आमचे सांगणे साधे आहे. एका वस्तूला लागेल तेवढे सूत आधी कातून घ्यावे, मगच टाके घालावेत. हातचे सूत आज बारीक निघते, उद्या जाड, म्हणून सगळ्या लडी बरोबर ठेवून जाडी ताडून पाहावी. सूत पिळले की कोमट पाण्यातून काढून वाळवावे, म्हणजे पीळ बसतो. मग १० सें.मी. चौकोनाचा नमुना विणून टाके मोजावेत. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. घोंगडीला, आसनाला, पिशवीला ती उत्तम, पण बाळाच्या अंगाला बोचते. बाळासाठी गिरणीची मऊ लोकरच आणावी, त्यात कमीपणा नाही. आणि सुयांवर एका वेळी एकच मोठे काम असावे. सोबत फार तर एक छोटे, बसथांब्यावर विणता येईल असे.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. आमच्या ओळखीच्या एका ताईंचा हात सुंदर चालतो. शेजारपाजारचे येतात आणि म्हणतात, "ताई, लोकर आम्ही आणून देतो, तुम्ही फक्त विणून द्या." या 'फक्त' शब्दात ताईंचे तीस-चाळीस तास बुडतात. संकोचाने त्या नाही म्हणत नाहीत. काम साचते, तेव्हा दहावीतल्या मुलीला पुस्तक मिटून बाह्या विणायला बसवले जाते. मुलगा त्याच घरात क्रिकेट पाहत असतो. घरात बसून केलेल्या कामाला काम म्हणायचे नाही, ही सवय जुनी आहे. घरी बसून मजुरीचे काम करणाऱ्यांनाही इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेला १९९६ साली स्वतंत्र करार करावा लागला, तो याच कारणाने.

आपल्या नाशकात मात्र विणकरांच्या कामाचा चोख हिशोब सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला आहे. त्रिरश्मी लेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, म्हणून गुणाकार करून पाहिला. २,००० चे महिन्याचे व्याज २०, वर्षाचे २४०. आणि २० भिक्खूंचे प्रत्येकी १२ म्हणजे २४०. एका नाण्याचाही फरक नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवला, हेही त्यात लिहिले आहे. विणकरांच्या हाताची पत एवढी होती की, कायमची ठेव त्यांच्या हवाली केली गेली.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादावर लिहिताना यंत्राची बाजू घेतली. माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही आणि ती फुरसत यंत्रामुळे मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून चरखा किंवा टकळी हे आपल्याला पोटाचे ओझे म्हणून नको. आवडीने हाती घेतली तर ती बाईच्या फुरसतीची सोबत आहे. दुसऱ्यांच्या भिडेखातर फिरवली तर तीच टकळी फुरसत खाऊन टाकते.

म्हणून घरात एक दोनशे पानी वही ठेवावी. वस्तू कोणाची, लोकर किती ग्रॅम, कताईचे तास, विणण्याचे तास, असे चार रकाने आखावेत. घरच्यांसाठी विणले तरी तास लिहावेत. पैसे मागायचे नसतात, पण घरातल्यांना कळायला हवे. बाहेरचे काम असेल तर लोकरीची किंमत अधिक तासांची मजुरी, असा भाव आधी सांगावा. ज्याला तो परवडत नाही, त्याने बाजारातून स्वेटर आणावा, राग मानू नये. मुलीच्या अभ्यासाच्या वेळात सुया बंद. टाके घालायला मुलालाही शिकवावे, बोटे दोघांचीही सारखीच असतात.

बाईचे डोळे, मान आणि बोटे हे घराचे मुद्दल आहे. उषवदाताच्या ठेवीसारखे त्याला कोणी हात लावू नये. येत्या बैठकीला ज्या भगिनी येतील, त्यांनी विणकामाच्या पिशवीत ही वही जरूर आणावी. रकाने आपण एकत्र बसून आखू.