अठ्ठावन्न रुपयांच्या आत

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुल वसाहतीत माझ्या ओळखीची एक विडी कामगार राहते. नवरा गेला तेव्हा धाकटी पाळण्यात होती. आता ही आई स्वतः मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि समोर पाटावर उघडं पुस्तक. पान उलटू नये म्हणून त्यावर कात्री ठेवलेली. घरात तेलुगू, पुस्तक मराठी. एक परिच्छेद वाचायचा, तो मनात घोळवत दहा-बारा विड्या वळायच्या, मग पुढचा. दिवसाला हजार विड्या व्हायला हव्यात. त्यातल्या खराब ठरल्या त्या छाट, त्यांचे पैसे नाहीत. म्हणजे वाचताना हातही चुकून चालत नाही.

गेल्या आठवड्यात ती अनुदानासाठी हयातीचा दाखला द्यायला निघाली होती. दारातून परत वळली आणि म्हणाली, “अक्का, मी शिकायलोय म्हणून तिथं सांगू का नको?”

हा प्रश्न आठवडाभर माझ्या डोक्यातून गेलेला नाही. शिक्षण ही लपवायची गोष्ट आहे असं तिला का वाटावं?

तिला संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1500 रुपये मिळतात. 1980 पासूनची ही योजना. तिने हजारो घरांची चूल विझू दिली नाही, हे मी मनापासून मानते. शिकणाऱ्या विधवेचं अनुदान बंद करा असं तिच्यात कुठेही म्हटलेलं नाही. पण उत्पन्नाची अट पाहा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला 1750, दिवसाला 58 रुपयांच्या आत. हजार विड्या वळणारी कोणती बाई एवढ्या कमी मजुरीत बसते? जगायचं तर कमवावंच लागतं, आणि अनुदान हवं तर कमाई नाही असं दाखवावं लागतं. दरवर्षी हे करणाऱ्या बाईला आपलं प्रत्येक पाऊल संशयास्पद वाटू लागतं. पुस्तकसुद्धा. उद्या पदवी मिळाली आणि एखाद्या दुकानात सहा हजारांची हिशेबाची नोकरी लागली, तर ती एका झटक्यात निराधार उरत नाही. ती नोकरी दोन महिन्यांत सुटली तर पुन्हा दाखले, पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणं.

बाकीच्या योजनाही मी चाळून पाहिल्या. एकल पालकाच्या मुलासाठी बालसंगोपन योजनेतून महिना 2250 रुपये आहेत, आणि पात्र असूनही अर्ज न केलेल्या बायांनी तो जरूर करावा. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे. मुलांना! विडी कामगार स्वतःच विद्यार्थिनी असेल, ही शक्यता तिथे कुणाच्या मनात आलेली दिसत नाही. आईने शिकवावं, शिकू नये, असा काहीसा हिशेब.

धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी संस्था काढली आणि पुढे ती हिंगण्याला नेली, तेव्हा त्यांनी नुसता वर्ग भरवला नाही. राहण्याची सोय केली. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी प्रौढ स्त्रियांना शिक्षिका आणि परिचारिका होण्याची वाट दाखवली. निवारा, शिक्षण आणि त्यातून पोटाचं साधन हे एकत्रच लागतं, हे त्यांना कळलं होतं. आपण मात्र एकेक तुकडा वेगळ्या खिडकीवर ठेवला आहे, आणि प्रत्येक खिडकीला वेगळा दाखला लागतो. शिक्षण पूर्ण होईपर्यंत आणि नोकरी लागल्यावर पुढचं एक वर्ष तरी उत्पन्न न पाहता अनुदान चालू ठेवलं, तर सरकारवर केवढा बोजा पडणार आहे? आणि मुक्त विद्यापीठाच्या रविवारच्या संपर्कसत्राच्या ठिकाणी मुलांसाठी एक खोली, एक सतरंजी, एक सांभाळणारी बाई, एवढं तरी? धाकटीला ताप आला म्हणून या आईची दोन सत्रं बुडाली आहेत.

मी तिला म्हटलं, “सांग की. लपवायचं काय त्यात?” ती हसली, पण सांगितलं नाहीच.

मागच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी तिच्या दारात गल्लीतल्या चार बाया आपापली सुपं घेऊन बसल्या. भिजवलेली पानं त्यांनी वाटून घेतली. प्रत्येकीने अडीचशे वळल्या. धाकटी त्यांच्यातच खेळत होती. आई पेपर देऊन आली तेव्हा तिच्या नावचे हजार पुरे झाले होते.