बायबल मराठीत आले, अभ्यासाचे काय?

१/ आचोळे ज्या वसई तालुक्यात आहे, तेथील ख्रिस्ती परंपरा सोळाव्या शतकातील पोर्तुगीज काळापर्यंत मागे जाते. तरी येथील मिस्सेची भाषा शतकानुशतके लॅटिनच राहिली.

२/ सखोल शिकवणीची गरज मात्र जुनीच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांत बायबलकथा मांडणाऱ्या या ग्रंथामागची जाण स्पष्ट आहे: श्रद्धेला केवळ पाठांतर पुरत नाही.

३/ पुढे पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले.

४/ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साही मराठीत आली. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले. भाषेचा अडसर उरला नाही.

५/ उरला तो अध्यापनाचा प्रश्न. काही मिनिटांच्या प्रवचनात एखादा उतारा कोणी, कोणासाठी, कोणत्या काळात लिहिला, हे उलगडत नाही. आणि संदर्भ तुटलेले वचन कोणीही हवे तसे वळवू शकतो. ज्या ग्रंथासाठी रमाबाईंनी दोन प्राचीन भाषा आत्मसात केल्या, त्याच्या अभ्यासवर्गाला प्रत्येक चर्चने आठवड्यातून एक तास द्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.